पोपचं आसन रिक्त असतानाची चांदीची नाणी: ओळखायची कशी, तपासायची कशी

पोपचं निधन झालं किंवा त्यांनी पद सोडलं, की नवा पोप निवडला जाईपर्यंत रोमचं आसन रिक्त राहतं. या काळाला लॅटिनमध्ये ‘सेदे वाकांते’ म्हणतात. त्या दिवसांत पोपच्या नावाने नाणं पाडता येत नाही, कारण पोपच नसतो. कारभाराची किल्ली एका कार्डिनलच्या (पोपखालोखालच्या ज्येष्ठ धर्मगुरूच्या) हाती जाते. त्यांना कामेरलेंगो म्हणतात, आणि नाण्यावर कुलचिन्ह येतं ते त्यांचं. जगात एवढ्या थोड्या दिवसांची अशी अधिकृत नाणी फार कमी आहेत. १८४६ साली आसन १ जूनला रिकामं झालं आणि १६ जूनला भरलंसुद्धा. तरी त्या पंधरवड्याचं स्कूदो, म्हणजे पोपच्या राज्याचं मोठं चांदीचं नाणं, आजही बाजारात मिळतं.

ही नाणी गोळा करणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा एकाच जागी होते. लोक ‘सेदे वाकांते’ हे शब्द दिसले की थांबतात. पण वर्ष, ढाल आणि ढालीच्या डोक्यावरचं चिन्ह या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. त्यातली एक जरी जुळली नाही, तरी पैसे काढायचे नाहीत. सगळी तपासणी या जुळणीपासून सुरू होते.

पहिली पायरी: ढालीच्या डोक्यावर काय आहे ते पाहा

नाणं दहापट भिंगाखाली घ्या आणि प्रकाश एका बाजूने, तिरका पडू द्या. ढालीच्या वर तीन थरांचा उंच मुकुट असेल तर ते हयात पोपचं नाणं आहे. आसन रिक्त असतानाच्या नाण्यावर मुकुट नसतो. त्या जागी अर्धवट उघडलेली, पट्ट्यापट्ट्यांची छत्री असते आणि तिच्या दांड्याशी एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन किल्ल्या. छत्र हे अधिकाराचं चिन्ह असतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. शिवराईवर ‘छत्रपति’ ही अक्षरं आपण वाचत आलो आहोत. रोमच्या छत्रीचा अर्थ एवढाच, की चर्चची मालमत्ता आणि कारभार शाबूत आहे, धनी यायचा आहे. छत्रीखाली बहुधा कार्डिनलची रुंद काठाची टोपी आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे गोंडे दिसतात.

नुसती ढाल पाहून निर्णय का घ्यायचा नाही, याचं कारण त्या काळच्या रोममध्ये आहे. पोप पुष्कळदा आपल्या पुतण्यालाच कामेरलेंगो करत, त्यामुळे अशा वेळी दोघांच्या नाण्यांवर कुलचिन्ह एकाच घराण्याचं येतं. आठवे उर्बान हे बार्बेरीनी घराण्यातले. १६४४ साली ते वारले तेव्हा कामेरलेंगो होते त्यांचेच पुतणे अंतोनियो बार्बेरीनी. म्हणून तीन मधमाश्या दोघांच्याही ढालीवर आहेत. १६७६ ला दहावे क्लेमेंट आणि पालुत्सो आल्तिएरी यांच्यात तेच घडलं, १७२१ ला अकरावे क्लेमेंट आणि आन्निबाले आल्बानी यांच्यात, १७६९ ला तेरावे क्लेमेंट आणि कार्लो रेत्सोनिको यांच्यात. झिजलेल्या नाण्यावर मधमाश्या स्पष्ट दिसतात आणि वरचा भाग सपाट झालेला असतो. अशा वेळी विकणारा ते नाणं रिक्त आसनाचं म्हणून पुढे करतो, कारण त्याला भाव जास्त येतो. झीज कितीही असली तरी छत्रीचा रुंद घेर आणि मुकुटाचा निमुळता उंच आकार यांच्या बाह्यरेषा वेगळ्या राहतात. भिंग बाजूला ठेवून नाणं हातभर लांब धरलं की हा फरक चटकन कळतो.

दुसरी पायरी: वर्ष वाचा आणि कामेरलेंगोशी जुळवा

वर्ष बहुतेक वेळा रोमन अंकांत असतं, काही नाण्यांवर साधे आकडे असतात. एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १. लहान अंक मोठ्याच्या आधी आला तर वजा करायचा. ‘एम डी सी सी एक्स एल’ म्हणजे १७४०, आणि ‘एम डी सी सी सी एक्स एक्स आय एक्स’ म्हणजे १८२९. जुन्या लॅटिन कोरीवकामात यू च्या जागी व्ही लिहितात, म्हणून शब्द वाचताना गोंधळू नका.

जुळणीसाठी ही यादी हाताशी ठेवा:

१६४४, १६५५, १६६७, १६६९-७०: अंतोनियो बार्बेरीनी (तीन मधमाश्या)
१६७६, १६८९, १६९१: पालुत्सो आल्तिएरी (सहा तारे)
१७००: जोव्हान्नी बात्तिस्ता स्पिनोला
१७२१, १७२४, १७३०, १७४०: आन्निबाले आल्बानी
१७५८: जिरोलामो कोलोन्ना (खांब)
१७६९, १७७४-७५: कार्लो रेत्सोनिको
१८२३: बार्तोलोमेओ पाक्का
१८२९, १८३०-३१: पिएत्रो फ्रांचेस्को गाल्लेफ्फी
१८४६: तोम्मासो रियारिओ स्फोर्त्सा (गुलाब)
१९३९: एउजेनियो पाचेल्ली (ऑलिव्हची डहाळी घेतलेलं कबुतर)
१९५८, १९६३: बेनेदेत्तो आलोइसी मासेल्ला
१९७८, दोन्ही वेळा: जां-मारी व्हिलो
२००५: एदुआर्दो मार्तिनेस सोमालो
२०१३: तार्चीझियो बेर्तोने

दर वेळी सगळ्या मूल्यांची नाणी पाडली गेली असं समजू नका. यादी वर्ष आणि ढाल ताडण्यासाठी आहे. एकच कामेरलेंगो एकाहून जास्त वेळा आला असेल तिथे ढाल तुम्हाला मदत करणार नाही, फक्त वर्षच करेल. उदाहरणार्थ, आल्तिएरींच्या तीन वेळा, गाल्लेफ्फींच्या दोन, मासेल्लांच्या दोन. म्हणून या नाण्यांवर वर्षाचे शेवटचे अंक घासलेले असतील तर किंमत सामान्य वर्षाची द्यायची, दुर्मीळ वर्षाची नाही. १५९०, १६०५ आणि १९७८ ही वर्षं आणखी अवघड, कारण प्रत्येकात आसन दोनदा रिकामं झालं. तिथे वर्षावरून भागत नाही. साच्यातले बारकावे आणि पूर्ण मजकूर छापील कॅटलॉगमधल्या फोटोशी ताडावा लागतो.

१९३९ ची गंमत वेगळी आहे. कामेरलेंगो पाचेल्ली हेच २ मार्चला पोप झाले, बारावे पायस. त्यामुळे कबुतराची ढाल पुढे जवळजवळ वीस वर्षं व्हॅटिकनच्या नाण्यांवर राहिली, फक्त छत्री जाऊन मुकुट आला. छत्रीचं नाणं १९३९ चंच असतं, आणि चांदीत ते दोनच मूल्यांत आहे: ५ लिरा आणि १० लिरा.

तिसरी पायरी: दुसरी बाजू वाचा

मागच्या बाजूला बहुधा पवित्र आत्मा असतो: पंख पसरलेलं कबुतर, भोवती किरणं, कधी ज्वाला. भोवतीचा मजकूर बायबलमधला किंवा प्रार्थनेतला. ‘वेनी लूमेन कॉर्दिउम’, म्हणजे ‘ये, अंतःकरणांच्या प्रकाशा’, ही पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) मिस्सातल्या प्रार्थनेची ओळ आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकांना ती प्रार्थना ओळखीची असेल. १८४६ च्या स्कूदोवर ‘नॉन रेलिंक्वाम व्होस ऑर्फानोस’ असं आहे: मी तुम्हाला अनाथ सोडणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानातलं, १४ व्या अध्यायातलं हे १८ वं वचन. आसन रिकामं असताना रोमच्या लोकांच्या हातात हे वाक्य चांदीवर कोरून दिलं गेलं. या नाण्यांवर जीव जडतो तो अशा जागी.

टांकसाळीचं अक्षर विसरू नका. आर म्हणजे रोम, बी म्हणजे बोलोन्या. दोन्ही टांकसाळींच्या नाण्यांचा भाव वेगळा असतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या साच्यांवर हामेरानी घराण्याचं काम भेटतं, एकोणिसाव्यात चेर्बारा. कोरणाऱ्याची सही ढालीच्या खाली किंवा कडेलगत बारीक अक्षरांत असते. ती सगळ्यात आधी झिजते. ती टवटवीत असेल आणि बाकी नाणं झिजलेलं असेल, तर कुणीतरी नंतर हत्यार चालवलंय.

चौथी पायरी: वजन

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. काही शे रुपयांत मिळतो. वापरण्याआधी सोबतचं वजन ठेवून काटा जुळवून घ्या आणि पंखा बंद ठेवा.

सतराव्या शतकाचं पियास्त्रा (त्या काळचं मोठं चांदीचं नाणं) सुमारे ३२ ग्रॅम, त्याहून लहान तेस्तोने साडेनऊच्या आसपास. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर मोजमाप उतरलं: स्कूदो सुमारे २६.४ ग्रॅम, अर्धा स्कूदो १३.२, तेस्तोने ७.९, जुलिओ २.६. एका स्कूदोत १०० बायोक्को, जुलिओत १०, तेस्तोनेत ३०, ग्रोसोत ५. हे प्रमाण लक्षात असलं की वजन मनातल्या मनात ताडता येतं. १८३५ च्या सुधारणेनंतर चांदी हजारी ९०० (हजारात ९०० भाग शुद्ध) झाली आणि स्कूदोचं वजन सुमारे २६.९ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशोबात सव्वादोन तोळ्यांच्या थोडं वर. हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांत दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालतं, कडा कातरलेली असेल तर त्याहून जास्त. एकोणिसाव्या शतकातल्या यंत्राच्या नाण्यांत एक टक्क्यापेक्षा जास्त तूट आली तर झिजेशी ताडा. झीज नसताना तूट असेल तर नाणं परत करा.

व्हॅटिकनच्या नाण्यांत वजन नेमकं असतं:
१९३९ चं ५ लिरा: ५ ग्रॅम, २३ मिमी, हजारी ८३५, ४०,००० नाणी.
१९३९ चं १० लिरा: १० ग्रॅम, २७ मिमी, हजारी ८३५, ३०,००० नाणी.
१९५८, १९६३ आणि १९७८ चं ५०० लिरा: ११ ग्रॅम, सुमारे २९ मिमी, हजारी ८३५. १९५८ ची १,२०,००० आणि १९६३ ची २,००,००० नाणी.
२००५ आणि २०१३ चं ५ युरो: १८ ग्रॅम, ३२ मिमी, हजारी ९२५.

पाचवी पायरी: पाण्यात तोलून घनता

नाण्याला ओरखडा न काढता घरच्या घरी होणारी हीच एक भरवशाची कसोटी. नाणं आधी कोरडं तोला. मग काट्यावर काचेचा पेला ठेवून त्यात उकळून गार केलेलं फिल्टरचं पाणी दोन-तृतीयांश भरा, भांडी धुण्याच्या साबणाचा एकच थेंब टाका (नाहीतर नाण्याला बुडबुडे चिकटतात) आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉन दोऱ्याच्या फासात अडकवा. दोरा हातात न धरता पेल्यावर आडव्या ठेवलेल्या, पण पेल्याला न टेकणाऱ्या काठीला बांधा. काठीची टोकं दोन्ही बाजूंच्या पुस्तकांच्या ढिगांवर ठेवली की झालं. नाणं पूर्ण बुडालं पाहिजे आणि तळाला किंवा काचेला लागता कामा नये. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा.

हजारी ८३५ चांदीची घनता सुमारे १०.२० येते, ९०० ची १०.३१, ९१७ ची १०.३४, ९२५ ची १०.३६. उदाहरण घ्या: २६.८८ ग्रॅमचं १८४६ चं स्कूदो, पाण्याचा आकडा २.६१, भागाकार १०.३०. ठीक. ११ ग्रॅमच्या ५०० लिराला १.०८ च्या आसपास आकडा हवा. तो १.२४ आला तर तांबं-निकेल, १.२९ च्या आसपास आला तर चांदीचा मुलामा दिलेलं पितळ.

इथे दोन गोष्टी चुकतात. एक, लहान नाणं. ५ लिराचा आकडा ०.४९ असतो, आणि काट्याची ०.०१ ची चूक म्हणजे तिथे दोन टक्के. त्यामुळे अशा नाण्यांवर ही कसोटी एकटी पुरत नाही. तीनदा मोजून सरासरी घ्या. दुसरी चूक निकालाचा अर्थ लावताना होते. घनता बरोबर आली म्हणजे धातू बरोबर, नाणं बरोबर असं नाही. खऱ्या चांदीत ओतलेली नक्कल ही कसोटी पार करते. ओतीव नाण्याची अक्षरं गोलसर, साबणाच्या वडीवरच्या शिक्क्यासारखी असतात, सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, आणि कडेवर कुठेतरी सांध्याची रेष किंवा ती घासल्याच्या खुणा. साच्याने ठोकलेल्या नाण्यात अक्षराची भिंत सरळ उभी राहते.

सराफाकडे एक्स-रे यंत्र असेल तर शुद्धता मोजून घ्या, त्याने काही बिघडत नाही. मात्र कसोटीच्या दगडावर नाणं घासू देऊ नका आणि ॲसिड लावू देऊ नका. दागिन्याला चालतं ते नाण्याला चालत नाही. एका रेघेने किंमत निम्म्यावर येते.

सहावी पायरी: कडेवर बोट फिरवा

स्कूदो आणि तेस्तोने पदक म्हणून गळ्यात घातली गेली. ढालीच्या बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी, कडी जोडलेली असे. ती काढली की डाग उरतो: कडेवर एक-दोन मिलिमीटरचा मऊ, किंचित फिकट पट्टा, आणि भिंगाखाली कथलाचा राखाडी रंग. भोक पाडून नंतर बुजवलेलं नाणं उजेडासमोर कळत नाही. तिरक्या प्रकाशात ते कळतं, कारण बुजवलेल्या जागेवरून कबुतराचा एखादा किरण पुढे सरळ जात नाही. असं नाणं घ्यायलाच नको असं नाही. किंमत चोख नाण्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मिळाली तर अभ्यासाला ते उत्तम.

नाणं नव्हे, तर काय?

१८७० साली पोपचं राज्य गेलं आणि व्हॅटिकन शहर-राज्य १९२९ साली उभं राहिलं. मधल्या काळात १८७८, १९०३, १९१४ आणि १९२२ या चार वेळा आसन रिकामं झालं, पण नाणी पाडायला राज्यच नव्हतं. या वर्षांचं ‘सेदे वाकांते’ चांदीत दिसलं तर ते पदक आहे. कॉन्क्लेव्हचे (पोप निवडणाऱ्या कार्डिनलांच्या सभेचे) मार्शल, राज्यपाल, मेजरडोमो (पोपच्या वाड्याचे कारभारी) असे अधिकारीही स्वतःची ढाल घालून पदकं पाडून घेत. १७१२ पासून मार्शलपद कीजी घराण्याकडे वंशपरंपरेने होतं. ही पदकं सुंदर असतात, पण त्यांना नाण्याचा भाव देऊ नका.

दुसरा घोटाळा जर्मन मुलखातून येतो. म्युन्स्टर, आइश्टेट, लिएज अशा ठिकाणी बिशपच राज्यकर्ते होते, आणि त्यांचं आसन रिकामं झालं की कॅथेड्रलचं धर्ममंडळ ‘सेदे वाकांते’ लिहून थालर (मोठं चांदीचं नाणं) पाडत असे. लिएजच्या नाण्यांवर संत लँबर्ट असतात. लॅटिन शब्द तेच, पण पोपशी संबंध नाही. छत्री आणि किल्ल्या पाहिल्या की हा प्रश्न मिटतो.

कुठून सुरुवात करावी

१९६३ किंवा १९७८ चं ५०० लिरा आधी घ्या. ती संख्येने जास्त आहेत, चोख अवस्थेत मिळतात आणि छत्री, किल्ल्या, गोंडे यांचा आकार डोळ्यांत बसतो. त्यानंतर १९३९ ची जोडी. स्कूदोकडे त्यानंतरच वळा, आणि पहिलं १८४६ चं असू द्या. त्याचा मजकूर आणि मोजमाप पक्कं ठाऊक असल्याने तपासणी सोपी जाते. सतराव्या शतकाचं पियास्त्रा फोटोवरून कधीच घेऊ नये.

परदेशातून मागवताना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या सीलबंद डबीतलं नाणं शक्य असेल तर तेच घ्या. यामागे कायद्याचं कारण आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांहून जुनं कोणतंही नाणं पुरावशेष ठरतं, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे स्कूदो एकदा मुंबईत आलं की परीक्षणासाठी अमेरिकेला पाठवण्याचा मार्ग बंद. परीक्षण तिथेच करून मग आणा, आणि बिलावर वर्ष, मूल्य, वजन लिहून घ्या.

घरी ठेवताना

चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, चांदी उजळायचं कोणतंही द्रावण यातलं काहीही लावू नका. काळपट-निळसर थर हा नाण्याच्या वयाचा पुरावा असतो, आणि तो गेला की परत येत नाही. फक्त हिरवट चिकट लेप दिसला तर तो स्वस्त पीव्हीसी पाकिटातून आलेला असतो, आणि तो चांदी खातो. शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणं पाच मिनिटं बुडवा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये धुवा आणि न पुसता सुकू द्या. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.

पाकीट मायलरचं (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकचं) घ्या. रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकरीचं कापड यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते, म्हणून ते डब्यापासून लांब. कोकण, मुंबई आणि गोव्यात जूनच्या आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवून, गार करून परत वापरता येतात. पावसाळ्यात हे साधारण तीन आठवड्यांनी तपासावं लागतं.